कंपासपेटी पारखताना: नववीच्या भूमितीसाठी घेतलेल्या तीन संचांची परीक्षा

नववीचे वर्ष सुरू झाले की भूमितीच्या पुस्तकात पहिल्यांदा समोर येते ते ‘भूमितीतील मूलभूत संबोध’ हे प्रकरण. त्यात बिंदू, रेषा, प्रतल, अंतर, दरम्यानता, किरण, एकरूप रेषाखंड, सशर्त विधाने आणि त्यांचे व्यत्यास, युक्लिडची गृहीतके आणि सिद्धतेची ओळख असते. त्याच सुमारास घरोघरी नवी कंपासपेटी येते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे असे दुकानात कोणाच्या मनात येत नाही. पेटीवरचे चित्र आणि किंमत पाहून ती घेतली जाते. मी पुण्यात घरी नववी-दहावीच्या मुलांना भूमिती शिकवते. यंदा जूनमध्ये मी अप्पा बळवंत चौकातून तीन वेगवेगळे संच विकत घेतले आणि मुलांना सोबत घेऊन त्यांतील प्रत्येक साधन तपासले. तपासणीसाठी बाहेरचे कोणतेही उपकरण वापरले नाही. पहिल्या प्रकरणातील व्याख्या आणि गृहीतके हीच आमची कसोटी होती. दोन-अडीच तासांचे हे काम सर्व पालकांना आणि शिक्षकांना उपयोगी पडेल असे वाटल्यामुळे हे परीक्षण सविस्तर लिहीत आहे.

पहिला संच म्हणजे पिढ्यान्पिढ्या ओळखीची पत्र्याची पेटी. तिच्यात कंपास, कर्कटक, दोन गुण्ये, कोनमापक, १५ सेंटिमीटरची पट्टी, पेन्सिल, खोडरबर आणि टोकयंत्र असा नेहमीचा ऐवज आहे. ती मला १६० रुपयांना पडली. दुसरी प्लॅस्टिकची, झाकणावर रंगीत चित्र असलेली पेटी ७० रुपयांना मिळाली. तिसरा संच मी सुटा जमवला: पायांच्या मध्ये आट्यांचा दांडा आणि छोटे चाक असलेला कंपास, ३० सेंटिमीटरची पारदर्शक पट्टी, मोठ्या मापाचे दोन गुण्ये, कोनमापक आणि साधे कर्कटक. या सगळ्याचे ४२० रुपये झाले. कंपन्यांची नावे मी मुद्दाम देत नाही. एका विद्यार्थ्याकडे असलेली पेटी माझ्या पत्र्याच्या पेटीच्याच कंपनीची आणि त्याच प्रकारची होती, तरी दोन्हींतील पट्ट्या सारख्या निघाल्या नाहीत. तेव्हा नाव वाचून पेटी घेण्यापेक्षा हातात आलेली पेटी तपासता येणे अधिक महत्त्वाचे आहे.

सुरुवात पट्टीपासून केली. दोन भिन्न बिंदूंतून एक आणि एकच रेषा जाते, हे वाक्य मुले पाठ करतात आणि ते इतके उघड वाटते की त्याचा कधी उपयोग होईल असे त्यांना वाटत नाही. पट्टीची परीक्षा करण्यासाठी नेमके हेच वाक्य लागते. कागदावर सुमारे १४ सेंटिमीटर अंतरावर अ आणि ब हे दोन बिंदू घ्यावेत, पट्टीच्या कडेने ते जोडावेत, मग पट्टी कागदावरच अर्धी फिरवून, म्हणजे डावे टोक उजवीकडे आणून, तीच कड रेषेच्या दुसऱ्या बाजूने अ आणि ब यांना लावावी आणि पुन्हा रेघ ओढावी. कड सरळ असेल तर दुसरी रेघ पहिलीवर तंतोतंत बसेल. दोन रेघांमध्ये फट दिसली, तर अ आणि ब यांमधून दोन ‘रेषा’ गेल्या. गृहीतकानुसार असे घडू शकत नाही, म्हणून त्या दोन्ही रेषा असू शकत नाहीत आणि दोष पट्टीचा ठरतो. पत्र्याच्या पेटीतील पट्टीने मध्यभागी जेमतेम पाव मिलीमीटरची फट दाखवली, ती चालण्यासारखी आहे. पारदर्शक पट्टीच्या दोन रेघा वेगळ्या दिसल्याच नाहीत.

प्लॅस्टिकच्या पेटीतील पट्टीने मात्र आम्हाला खरा धडा दिला. तिच्याही दोन रेघा एकमेकींवर बसल्या आणि मुलांनी ती पट्टी सरळ असल्याचे जाहीर केले. एका मुलीने ती डोळ्यासमोर धरून कडेच्या रोखाने पाहिले, तेव्हा तिला ती वळलेली दिसली. मग आम्ही दुसऱ्या तऱ्हेने परीक्षा केली. या वेळी डावे टोक डावीकडेच ठेवले, पट्टी उलथी करून आकड्यांची बाजू कागदाकडे केली आणि तीच कड त्याच दोन बिंदूंना लावली. आता दोन रेघा वेगळ्या पडल्या: डाव्या अर्ध्या भागात नवी रेघ वर गेली, उजव्या अर्ध्या भागात खाली गेली आणि मध्यावर दोघी एकमेकींना छेदून गेल्या. कड लांबट नागमोडी होती, डावीकडे जेवढी फुगलेली तेवढीच उजवीकडे आत गेलेली. अशी कड अर्ध्या फेऱ्याने फिरवली की तिचा फुगवटा बरोबर खोलगट भागाच्या जागी येऊन बसतो आणि दोष झाकला जातो.

सशर्त विधान आणि त्याचा व्यत्यास समजावण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला आजवर मिळाले नव्हते. ‘पट्टीची कड सरळ असेल तर फिरवून काढलेल्या दोन रेघा जुळतात’ हे विधान सत्य आहे. ‘फिरवून काढलेल्या दोन रेघा जुळल्या तर पट्टीची कड सरळ असते’ हा त्याचा व्यत्यास असत्य आहे, आणि त्याचे उदाहरण सत्तर रुपयांत आमच्या टेबलावर होते. पट्टी उलथी करून केलेल्या परीक्षेत मात्र विधान आणि व्यत्यास दोन्ही सत्य ठरतात, कारण तिथे कडेचा प्रत्येक फुगवटा त्याच जागी रेषेच्या दुसऱ्या बाजूला जातो आणि लपायला जागा राहत नाही. पुस्तकात व्यत्यासाची उदाहरणे बहुधा तयार प्रमेयांतून येतात, त्यामुळे मुलांना व्यत्यास म्हणजे वाक्याची उलटापालट वाटते. तो तपासावा का लागतो, हे या वाकड्या पट्टीने दाखवले.

पट्टीविषयी दुसरी बाब शून्याची. पत्र्याच्या पेटीतील पट्टीचे शून्य टोकापासून सुमारे ४ मिलीमीटर आत आहे, तर प्लॅस्टिकच्या पट्टीचे शून्य नेमके टोकावर आहे. टोकावरचे शून्य सोयीचे वाटते, परंतु दप्तरात आदळून तेच टोक आधी झिजते. मुलांना मी शून्य वापरूच नका असे सांगते. रेषाखंडावर पट्टी कशीही ठेवावी, एका टोकासमोरचा आकडा वाचावा, दुसऱ्या टोकासमोरचा वाचावा आणि मोठ्यातून लहान वजा करावा: अ चा निर्देशक २.३ आणि ब चा ९.८ असेल तर अंतर ७.५. पुस्तकातील अंतराची व्याख्या हीच आहे, आणि ज्याने हाताने अशी वजाबाकी केली आहे तो निर्देशक उणे २ आणि ५ असलेल्या बिंदूंतील अंतर ३ सांगत नाही, ७ सांगतो. दरम्यानतेची अटही मग आपोआप समजते: अ ते ब आणि ब ते क या अंतरांची बेरीज अ ते क एवढी आली, तरच ब हा अ आणि क यांच्या दरम्यान आहे. बेरीज मोठी आली तर ते तीन बिंदू त्रिकोण करतात किंवा ब दुसरीकडेच कुठे तरी रेषेवर आहे.

युक्लिडच्या भूमितीत आकडे असलेली पट्टी नाही. त्याची पट्टी केवळ सरळ कड आहे, तिने दोन बिंदू जोडता येतात, मोजता काही येत नाही. हार्वर्ड विद्यापीठातील गणिती जॉर्ज डेव्हिड बर्कहॉफ यांनी १९३२ मध्ये मोजपट्टी आणि कोनमापक यांवर आधारलेली प्रतलीय भूमितीची चार गृहीतके मांडली. रेषेवरील प्रत्येक बिंदूला एक वास्तव संख्या आणि दोन संख्यांतील फरक म्हणजे अंतर, अशी शालेय पुस्तकांतील मांडणी त्याच विचाराची आहे. म्हणजे पेटीतील दोन साधी साधने भूमितीच्या पायाशीच जाऊन बसलेली आहेत, आणि म्हणून त्यांच्या अचूकतेकडे काणाडोळा करणे मला योग्य वाटत नाही.

आता कंपास. पेटी घेताना सर्वांत जास्त लक्ष याच साधनाकडे द्यावे, कारण मुलांच्या रचना बिघडतात त्या बहुतेक याच्यामुळे. वर्तुळाची व्याख्या ‘केंद्रापासून समान अंतरावर असलेल्या प्रतलातील बिंदूंचा संच’ अशी आहे, आणि कंपासाचे एकमेव काम ते अंतर समान ठेवणे हे आहे. शुल्बसूत्रांत, म्हणजे यज्ञवेदी आखण्याच्या प्राचीन ग्रंथांत, वेदीची मापे खुंटी आणि दोरी यांनी आखलेली आहेत. शुल्ब या शब्दाचा अर्थच दोरी. दोरी ताणलेली राहिली तर त्रिज्या बदलत नाही. कंपासात हे काम वरच्या बिजागरीला करावे लागते, आणि बिजागरी सैल असली की पेन्सिलीचा पाय फिरता फिरता बाहेर सरकत जातो. सुरुवातीचे टोक आणि शेवटचे टोक मग भेटत नाही. मुले त्या ठिकाणी रेघ जाड करून सांधा लपवतात. अशी जाड झालेली जागा वहीत दिसली की कंपास तपासून पाहावा.

याहून बारीक परीक्षा षटकोनाची आहे. ५ सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढावे, कंपासाचे अंतर न बदलता वर्तुळावरील एका बिंदूवर सुई ठेवून वर्तुळाला छेदणारा चाप काढावा, छेदनबिंदूवर सुई नेऊन पुढचा चाप काढावा, असे सहा वेळा करावे. केंद्र आणि लागोपाठचे दोन छेदनबिंदू यांनी होणारा प्रत्येक त्रिकोण समभुज असतो, त्याचा केंद्राजवळचा कोन ६० अंशांचा असतो, आणि असे सहा कोन मिळून ३६० अंश होतात. म्हणून सहावा चाप पहिल्या बिंदूतूनच जायला हवा. ही परीक्षा दोष वाढवून दाखवते. वर्तुळ काढून झाल्यावर कंपास केवळ ०.२ मिलीमीटरने उघडला गेला, तर तो फरक एका चापात डोळ्यांना कळत नाही, पण सहाव्या चापाला चूक साठून जवळजवळ १.४ मिलीमीटर होते आणि ती स्पष्ट दिसते.

प्लॅस्टिकच्या पेटीतील कंपासाने सहाव्या चापाला ३ मिलीमीटरची चूक दाखवली. त्याची बिजागरी रिव्हेटची आहे, स्क्रूची नाही, त्यामुळे ती आवळता येत नाही. हा दोष दुरुस्त होण्यासारखा नसल्याने तो कंपास मी निकामी समजते. पत्र्याच्या पेटीतील कंपासाने आधी दीड मिलीमीटरची चूक दाखवली, परंतु वरचा स्क्रू छोट्या पेचकसाने पाव फेरा आवळल्यावर ती अर्ध्या मिलीमीटरच्या आत आली. चाकाचा कंपास सहाही चापांत जागचा हलला नाही, कारण त्याचे पाय आट्यांच्या दांड्याने धरलेले असतात आणि चाक फिरवल्याशिवाय अंतर बदलूच शकत नाही. त्याची एक अडचण अशी की मोठे अंतर घ्यायचे तर चाक बराच वेळ फिरवावे लागते, आणि परीक्षेत घाई असताना मुले कंटाळतात. माझ्या विद्यार्थ्यांपैकी दोघांनी पहिल्या दिवशी तो नको म्हटले होते; त्रिकोण रचनेची उदाहरणे सुरू झाल्यावर दोघांनीही तो मागून घेतला.

कंपास चांगला असूनही रचना बिघडते, त्याची दोन कारणे इथेच सांगते. सुईचे टोक पेन्सिलीच्या टोकापेक्षा किंचित खाली हवे, आणि वहीखाली पुठ्ठ्याची पाटी हवी. नाही तर सुई घसरते किंवा केंद्राचा खड्डा होतो आणि एका केंद्राची दोन-तीन केंद्रे होतात. दुसरे कारण त्रिज्येच्या निवडीचे. ८ सेंटिमीटरच्या रेषाखंडाचा लंबदुभाजक काढताना त्रिज्या निम्म्यापेक्षा जास्त घ्या असे सांगितले जाते, आणि मुले ४.२ सेंटिमीटर घेतात. ते नियमात बसते, पण दोन चाप एकमेकांना इतके तिरपे छेदतात की छेदनबिंदूच्या जागी लांबट ठिपका उमटतो आणि त्यात बिंदू कुठे धरायचा ते कळत नाही. त्रिज्या साडेपाच ते सहा सेंटिमीटर घेतली की चाप जवळपास काटकोनात छेदतात आणि ठिपका सर्वांत लहान होतो. बिंदूला लांबी, रुंदी, जाडी नसते हे पहिल्या पानावर वाचलेले वाक्य इथे हाताला लागते: पेन्सिलीने बिंदू काढता येत नाही, बिंदू कुठे आहे याची खूण तेवढी करता येते, आणि खूण जितकी लहान तितके बरे. त्रिकोणाच्या तीन भुजांचे लंबदुभाजक एकसंपाती असतात, म्हणजे एकाच बिंदूतून जातात, पण बोथट पेन्सिलीने आणि सैल कंपासाने काढलेल्या आकृतीत मध्ये छोटासा त्रिकोण तयार होतो. अशा वेळी ‘प्रमेय चुकले का?’ असा प्रश्न एखादे मूल विचारते, तेव्हा मला मनापासून आनंद होतो, कारण आकृती आणि प्रमेय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे सांगण्याची वेळ आलेली असते.

कर्कटकाबद्दल थोडक्यात लिहिते. दोन्ही पायांना सुया असलेले हे साधन वर्षभर पेटीत पडून राहते. वास्तविक एकरूप रेषाखंडांची कल्पना याच्याइतकी स्वच्छ दुसरे कोणतेही साधन दाखवत नाही: एकाही आकड्याचा आधार न घेता एका रेषाखंडाचे अंतर उचलायचे आणि दुसऱ्यावर ठेवून पाहायचे. युक्लिडच्या ग्रंथातील कंपास कागदावरून उचलला की मिटतो असे मानले जाते, म्हणून दिलेल्या रेषाखंडाएवढा रेषाखंड दुसऱ्या बिंदूपासून काढणे हे त्याला पहिल्या भागातील दुसऱ्या साध्यात स्वतंत्रपणे करून दाखवावे लागले आहे. अठराव्या शतकात सवाई जयसिंगांच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राटांनी हाच ग्रंथ अरबीवरून ‘रेखागणित’ या नावाने संस्कृतात आणला. त्या साध्याचे काम आपले कर्कटक एका हालचालीत करते. पत्र्याच्या पेटीतील कर्कटक मिटल्यावर त्याच्या सुया एकमेकींना भेटत नाहीत, एक मिलीमीटर मागेपुढे राहतात. पालक यालाच मोठा दोष समजून पेटी परत करतात असे दुकानदाराने सांगितले. अंतर उचलून नेण्याच्या कामात त्याने काहीच बिघडत नाही. बिजागरी घट्ट असणे महत्त्वाचे, आणि ती घट्ट होती.

गुण्यांच्या बाबतीत गवंड्यांची आठवण होते. भिंत काटकोनात आहे की नाही हे ते ‘गुण्यात आहे का’ असे विचारतात, आणि मोठ्या मापासाठी दोरीवर ३, ४ आणि ५ फुटांच्या खुणा करून कोपरा साधतात. आपल्या पेटीतील गुण्याची परीक्षा त्याहून सोपी आहे. पट्टी स्थिर धरावी, तिला गुण्याची एक काटकोनी बाजू टेकवून दुसऱ्या बाजूने लंब काढावा, मग गुण्या उलथा करून त्याच बिंदूतून पुन्हा लंब काढावा. रेषीय जोडीतील, म्हणजे एका सरळ रेषेवर शेजारी शेजारी असलेले, दोन कोन एकरूप असतील तरच प्रत्येक काटकोन असतो, म्हणून दोन्ही रेघा जुळायला हव्यात. न जुळल्यास त्यांमधील कोन गुण्याच्या चुकीच्या दुप्पट असतो. प्लॅस्टिकच्या पेटीतील ३०-६० अंशांच्या गुण्याने १० सेंटिमीटर उंचीवर २ मिलीमीटरची फट दाखवली, म्हणजे त्याचा काटकोन अर्ध्या अंशाहून थोडा अधिक चुकलेला आहे. सर्व काटकोन एकमेकांशी एकरूप असतात हे युक्लिडचे चौथे गृहीतक वाचताना मुलांना ते सांगण्याची गरजच काय असे वाटते. तीन पेट्यांतील तीन गुण्ये एकावर एक ठेवून पाहिल्यावर ती गरज त्यांना कळली.

याच गुण्याने एक चांगला प्रश्नही उभा केला. पट्टीच्या कडेने गुण्या सरकवत समांतर रेषा काढायच्या असतील, तर हा चुकीचा गुण्या टाकून द्यायचा का? मुलांनी एकमुखाने हो म्हटले. प्रत्यक्षात त्याने काढलेल्या रेषा समांतरच येतात. पट्टी ही छेदिका, म्हणजे सर्व रेषांना छेदणारी रेषा, आणि सरकवलेल्या गुण्याने प्रत्येक ठिकाणी तिच्या एकाच बाजूला केलेला कोन हा संगत कोन. तो कोन ९० अंशांचा असो किंवा ८९.४ अंशांचा असो, सर्व ठिकाणी एकच राहिला की रेषा समांतर होतात. लंब काढण्यासाठी कोन किती हे महत्त्वाचे, समांतर रेषांसाठी कोन सारखा राहणे महत्त्वाचे. दोन्ही कामे एकाच साधनाने होत असल्यामुळे हा फरक एरवी लक्षात येत नाही. सुट्या संचातील मोठे गुण्ये सर्व परीक्षांत खरे उतरले. पत्र्याच्या पेटीतील दोन्ही गुण्येही चांगले आहेत, पण आकाराने लहान असल्याने वहीच्या पूर्ण पानावर समांतर रेषा काढताना अपुरे पडतात.

कोनमापक तपासताना मी स्वतः आधी चुकीची परीक्षा ठरवली होती, ती इथे नोंदवते. रेषीय जोडीतील दोन कोन मोजून त्यांची बेरीज १८० अंश येते का हे पाहावे, असे मी मुलांना सांगितले. तिन्ही कोनमापकांवर बेरीज १८० आली. नंतर ध्यानात आले की कोनमापकावर आतली आणि बाहेरची अशा दोन मापनपट्ट्या छापलेल्या असतात आणि प्रत्येक रेघेवरच्या दोन आकड्यांची बेरीज मुळातच १८० असते. केंद्राची खूण कितीही चुकली तरी ही बेरीज बिघडणार नाही. जे तपासायचे तेच गृहीत धरले गेले होते, आणि सिद्धता लिहिताना साध्यालाच आधार म्हणून वापरण्याची चूक होते ती हीच. विरुद्ध कोन मोजून पाहण्याचाही उपयोग नाही, कारण कोनमापक अर्धा फिरवला की त्याची चूकही त्याच्यासोबत फिरते आणि दोन्ही वाचने सारखी येतात.

खरी परीक्षा अशी: एकच कोन दोनदा मोजावा. एकदा उजवीकडील शून्यरेघ पहिल्या भुजेला जुळवून आतल्या मापनपट्टीवर वाचावे, मग डावीकडील शून्यरेघ दुसऱ्या भुजेला जुळवून बाहेरच्या मापनपट्टीवर वाचावे. केंद्राची खूण बाजूला सरकलेली असेल तर एक वाचन जास्त येते आणि दुसरे कमी. प्लॅस्टिकच्या कोनमापकाने कंपासाने काढलेला ६० अंशांचा कोन एकदा ६१ आणि एकदा ५९ दाखवला. म्हणजे अर्धवर्तुळाच्या मानाने केंद्राची खूण सुमारे पाऊण मिलीमीटर सरकून छापलेली आहे. एक अंशाची चूक लहान वाटते, पण १० सेंटिमीटर लांबीच्या भुजेच्या टोकाला ती पावणेदोन मिलीमीटर होते आणि पुढची सारी रचना तेवढी सरकते. उरलेल्या दोन कोनमापकांत असा फरक आढळला नाही. पत्र्याच्या पेटीतील कोनमापकाची शून्यरेघ खालच्या कडेपासून थोडी आत आहे, आणि मुले सवयीने कडच भुजेला लावतात; पहिल्याच दिवशी शून्यरेघेवर लाल बारीक पेनाने रेघ ओढून घेतली तर ही चूक टळते. १२० च्या जागी ६० वाचण्याची चूक मात्र पेटी बदलून जाणार नाही. कोन विशाल की लघू हे आधी डोळ्यांनी ठरवून मगच आकडा वाचण्याची सवय लावावी लागते.

पेन्सिल, खोडरबर आणि टोकयंत्र यांविषयी विशेष लिहिण्यासारखे नाही. तिन्ही ठिकाणी पेन्सिल वेगळीच घ्यावी, आणि कंपासासाठी तिचा निम्मा तुकडा करून ठेवावा, म्हणजे फिरवताना ती हाताला लागत नाही. पत्र्याच्या पेटीचे झाकण घट्ट बसते. प्लॅस्टिकच्या पेटीची कडी आठवड्यातच तुटली.

माझा सल्ला असा आहे. ज्यांना एकच पेटी घ्यायची आहे त्यांनी पत्र्याची घ्यावी आणि दुकानातच कागद-पेन्सिल मागून पट्टी उलथी करून पाहावी व सहा चाप काढून पाहावेत. एवढ्याला पाच मिनिटे पुरतात, आणि माझ्या दुकानदाराने त्याला हरकत घेतली नाही. थोडा अधिक खर्च शक्य असेल तर त्याच पेटीत चाकाचा कंपास आणि ३० सेंटिमीटरची पारदर्शक पट्टी यांची भर घालावी. मोठी पट्टी पेटीत मावत नाही, ती वहीच्या कव्हरात ठेवावी. संपूर्ण सुटा संच दहावीनंतर अभियांत्रिकी पदविकेकडे जाण्याचा विचार असलेल्यांना तिथल्या आरेखनासाठी पुढेही उपयोगी पडेल, इतरांना त्याची गरज नाही. प्लॅस्टिकची सत्तर रुपयांची पेटी मी कोणालाही सुचवणार नाही. माझ्याकडची मात्र ठेवून घेतली आहे: तिच्यातील वाकडी पट्टी, चुकलेला गुण्या आणि सरकलेला कोनमापक पुढच्या जूनमध्ये नव्या मुलांसमोर पुन्हा काढायचे आहेत, आणि दोष कुठे आहे हे त्यांचे त्यांनाच शोधू द्यायचे आहे.